इशारा दिला, पण पोचला का? राष्ट्रीय पूर्वइशारा यंत्रणेचा पहिला पैसा कुठे घालावा?

सांजवारा (धागाकर्ता)

२९ ऑक्टोबर २०२४. स्पेनच्या हवामान खात्याने व्हॅलेन्सिया भागासाठी लाल इशारा दिला तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते. लोकांच्या मोबाईलवर धोक्याचा संदेश वाजला तो रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोवर कित्येक गावांत पाणी शिरले होते, रस्त्यांवरच्या गाड्या वाहून गेल्या होत्या, तळमजल्यावर आणि तळघरांत माणसे अडकली होती. २२० हून अधिक जीव गेले. अंदाज चुकला नव्हता. हाताशी बारा तास होते, आणि तेही श्रीमंत देशात, जिथे उपग्रह, रडार, मोबाईलवरची संदेशप्रणाली सगळे होते.

ही घटना माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

२३ मार्च २०२२ रोजी, जागतिक हवामान दिनी, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी जाहीर केले की पाच वर्षांत पृथ्वीवरची प्रत्येक व्यक्ती पूर्वइशारा यंत्रणेच्या छत्राखाली आली पाहिजे. त्याच वर्षी इजिप्तमधल्या हवामान परिषदेत आराखडा मांडला गेला: २०२३ ते २०२७ साठी ३.१ अब्ज डॉलर. त्यात चार कामे सांगितली आहेत. धोका कुठे आणि कोणाला आहे ते जाणणे, निरीक्षण व अंदाज, इशारा पोचवणे, आणि इशारा आल्यावर काय करायचे याची तयारी.

कागदावर चारही सारखी दिसतात. प्रत्यक्षात पैसा दुसऱ्या कामाकडे, म्हणजे निरीक्षण व अंदाजाकडे धावतो, कारण रडारचे उद्घाटन करता येते. माझा प्रश्न असा: एखाद्या देशाला पायापासून यंत्रणा उभारायची आहे आणि पैसा मोजका आहे. पहिला पैसा कुठे घालाल?

माझे मत: शेवटच्या टोकाला, म्हणजे इशारा ऐकणाऱ्या माणसापाशी. बांगलादेश बघा. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळाची चाहूल उपग्रहाच्या चित्रांत लागली होती, तरी तीन ते पाच लाख माणसे गेली. पुढे तिथे रेड क्रॉस (आताची रेड क्रिसेंट) आणि सरकार यांनी मिळून स्वयंसेवकांची फळी उभी केली. झेंडे, कर्णे, सायकली, रेडिओ. १९९१ च्या वादळात तरीही सुमारे १ लाख ३८ हजार गेले, कारण जायला निवारेच पुरेसे नव्हते. मग निवारे बांधले, फळी वाढवली. २००७ च्या 'सिद्र'मध्ये आकडा साडेतीन हजारांच्या आत आला. २०२० च्या 'अम्फान'मध्ये तिथे काही डझन. या काळात अंदाजही सुधारला हे मान्य. पण फरक पाडला तो दारावर थाप मारणाऱ्या माणसाने, असे मला वाटते.

---

पर्जन्यमापक

धागा चांगला आहे. पण सांजवारा, मी निम्मा असहमत आहे.

निरीक्षण केंद्रांच्या जाळ्यावर काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली. दारावर थाप मारणाऱ्याला सांगायला काहीतरी हवे ना? जागतिक हवामान संघटनेने २०२१ मध्ये मूलभूत निरीक्षण जाळ्याचा दंडक ठरवला: जमिनीवरची केंद्रे सुमारे २०० किलोमीटरांवर एक, आणि वरच्या हवेचे निरीक्षण घेणारे फुगे सोडणारी केंद्रे ५०० किलोमीटरांवर एक. हा दंडक काही फार कडक नाही. तरी आफ्रिकेचे आणि प्रशांत महासागरातल्या बेटांचे मोठे भाग त्यात बसत नाहीत. तिथली निरीक्षणे नसली की नुसत्या त्यांचाच नाही, साऱ्या जगाचा अंदाज कच्चा राहतो, कारण संगणकावरचे प्रतिमान सगळ्या पृथ्वीचे एकत्र चालते.

आणि रडारच्या उद्घाटनाबद्दल म्हणालात ते खरे, पण रोग त्याहून खोल आहे. यंत्र बसवायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. एका पावसाळ्यात आमच्या एका स्वयंचलित केंद्राने रात्रभर शून्य मिलिमीटर पाऊस कळवला. खालच्या अंगाला नदी चढत होती आणि आमच्या पडद्यावर शून्य. सकाळी माणूस गेला तेव्हा नरसाळ्यात पाला आणि पक्ष्याच्या घरट्याच्या काड्या. पाणी आत उतरलेच नव्हते. केंद्र बसवल्यापासून कोणी साफ केले नव्हते, कारण त्या कामाचे पद मंजूर नव्हते. कोणी दगावले नाही हे नशीब. त्या रात्रीचे मला अजून वाईट वाटते.

म्हणून माझा पहिला पैसा: देखभाल करणाऱ्या माणसाचा पगार, दहा वर्षांचा, आधी बाजूला काढलेला. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली गरीब देशांसाठी निरीक्षणांचा एक निधी आहे. तो केंद्र उभारून थांबत नाही, निरीक्षणे येत राहिली तर त्यांचाही खर्च देतो. ही दिशा मला पटते.

---

वैजयंती

वाचतेय. दोघांचेही पटतेय. सविस्तर नंतर लिहिते.

---

तरंग

मी दूरसंचार क्षेत्रातला, म्हणून तिसऱ्या कामाबद्दल, इशारा पोचवण्याबद्दल लिहितो. लोक एसएमएस आणि सेल ब्रॉडकास्ट एकच समजतात. एसएमएस प्रत्येक क्रमांकाला वेगळा जातो. लाखो लोकांना एकदम पाठवायचा झाला तर रांग लागते, आणि संकटात सगळे एकमेकांना फोन करत असतात तेव्हा ती रांग आणखी तुंबते. सेल ब्रॉडकास्ट रेडिओसारखा आहे. टॉवर एकदाच बोलतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन एकाच वेळी ऐकतात. कोणाचा क्रमांक माहीत असावा लागत नाही, परगावचा पाहुणाही सुटत नाही, आणि फोन मुका ठेवला असला तरी मोठा आवाज होतो.

जर्मनीकडे जुलै २०२१ मध्ये हे नव्हते. आर नदीच्या खोऱ्यात आणि आसपास १८० हून अधिक माणसे बुडाली. युरोपच्या पूरसूचना यंत्रणेचे इशारे १० जुलैपासून येत होते, पूर आला १४ च्या रात्री. सेल ब्रॉडकास्ट तिथे सुरू झाले फेब्रुवारी २०२३ मध्ये.

आणखी एक गोष्ट, जिला पैसा फार लागत नाही पण शिस्त लागते. इशाऱ्याचा एक सामाईक साचा जगभर ठरलेला आहे. कोणते संकट, किती तातडीचे, किती तीव्र, किती खात्रीचे, नकाशावर नेमका कोणता भाग, आणि लोकांनी काय करायचे, हे सगळे ठरलेल्या रकान्यांत. एकदा भरले की तोच मजकूर टीव्ही, रेडिओ, मोबाईल, रस्त्यावरचे फलक, भोंगे सगळीकडे आपोआप जातो, अनेक भाषांत. हा साचा नसला तर हवामान खाते एक बोलते, पाटबंधारे खाते दुसरे, पोलीस तिसरे, आणि लोक चौथ्याच माणसाने पुढे ढकललेल्या निरोपावर विश्वास ठेवतात.

---

अजातशत्रू

मला एक शंका आहे, राग मानू नका. इशारे वाढले की खोटे इशारेही वाढणार. दहा वेळा घर सोडून निवाऱ्यात गेलो आणि दहाही वेळा काही झाले नाही, तर अकराव्यांदा कोण जाईल? ज्याचे हातावर पोट आहे त्याची प्रत्येक वेळी मजुरी बुडते. मागे राहिलेल्या घरात चोरी होते, गुरे कोणाच्या भरवशावर सोडायची? हे गरिबालाच भोगावे लागते.

---

वैजयंती

अजातशत्रू, राग कसला, हाच खरा प्रश्न आहे. मी किनारपट्टीच्या वस्त्यांत काम केले आहे. 'लोक ऐकत नाहीत' असे अधिकारी म्हणतात तेव्हा मला विचारावेसे वाटते, की तुम्ही त्यांच्या गुरांचे काय करणार हे सांगितलेत का? बांगलादेशात निवाऱ्यांबरोबर गुरांसाठी मातीचे उंच चौथरे बांधले गेले, तेव्हा घर सोडायला तयार होणारे वाढले. म्हाताऱ्या सासूला जिना चढवणार कोण, निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी खोली आणि स्वच्छतागृह आहे का, दाराला आतून कडी आहे का, यावर बाईचा निर्णय ठरतो.

१९९१ च्या वादळाचा एक तपशील फार बोलका आहे. २० ते ४४ वयोगटात स्त्रियांच्या मृत्यूचे प्रमाण पुरुषांच्या चौपटीहून जास्त होते. अनेक घरांत बाई मुलांना घेऊन नवऱ्याच्या परवानगीची वाट बघत थांबली. इशारा देणारे स्वयंसेवक पुरुष, ते बोलणार पुरुषांशी, तेही घराबाहेर. आता तिथल्या ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. हा बदल कुठल्याही यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे.

आणि भाषा! नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपिन्समध्ये 'हैयान' वादळ आले. समुद्राचे पाणी भिंतीसारखे आत येणार हा इशारा दिला होता, पण इंग्रजीतला शास्त्रीय शब्द वापरून. ताक्लोबान शहरातल्या लोकांनी नंतर सांगितले की 'त्सुनामी' म्हटले असते तर आम्ही पळालो असतो, तो दुसरा शब्द आम्हाला कळलाच नाही. सहा हजारांवर माणसे गेली. 'ताशी अमुक किलोमीटर वेगाने वारे' असे सांगण्यापेक्षा 'पत्रे उडतील, विजेचे खांब पडतील, पाणी डोक्याच्या वर येईल, दुपारी चारच्या आत निघा' असे सांगा. हवामानवाले याला प्रभावाधारित अंदाज म्हणतात. आम्ही याला माणसाशी बोलणे म्हणतो.

---

नदीकाठ

उत्तम चर्चा. खोट्या इशाऱ्यांबद्दल ओडिशाचा दाखला द्यावासा वाटतो. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन'च्या आधी दहा लाखांच्या आसपास लोक हलवले आणि मृत्यू पन्नाशीच्या आत राहिले. २०१९ च्या 'फनी'त सुमारे बारा लाख लोक हलवले, ६४ मृत्यू. यातल्या अनेक घरांना प्रत्यक्षात पाणी लागलेही नसेल. पण लोक पुन्हा गेले. कारण निवाऱ्यात त्यांना नीट वागवले गेले होते आणि नंतर कोणीतरी येऊन सांगितले होते की वादळ कुठे वळले, का वळले. हुकलेल्या इशाऱ्यानंतरचा हा खुलासा फार ठिकाणी दिलाच जात नाही.

उलट टोकाचे उदाहरण पेरूचे. अँडीजमध्ये कार्वास गावाच्या वर ५१३ क्रमांकाचा हिमतलाव आहे. २०१० मध्ये त्यात बर्फाचा कडा कोसळून पूर आला, म्हणून तिथे संवेदक, कॅमेरे, सगळी चांगली यंत्रणा बसवली. नोव्हेंबर २०१६ मध्ये दुष्काळ पडला आणि गावकऱ्यांनीच ती यंत्रणा उखडून टाकली, कारण ही यंत्रेच पाऊस अडवतात असा समज झाला होता. त्या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होता येणार नाही. त्या तलावाचे पाणी कोणी किती वापरायचे यावर आधीपासून तंटे होते. यंत्र परक्यांनी आणले, त्यातले आकडे कोणी वाचून दाखवले नाहीत, मग ते संशयाचेच धनी होणार.

आता माझा मुख्य मुद्दा. इतक्या घटना वाचून मला वाटते की यंत्रणा मोडते ती अंदाज आणि भोंगा यांच्या मध्ये. तिथे एक माणूस बसलेला असतो आणि त्याला ठरवायचे असते. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईच्या लहायना गावात वणवा आला, शंभरावर माणसे गेली. भोंगे होते, चालूही होते, पण वाजवलेच नाहीत. अधिकाऱ्याने नंतर सांगितले की आमच्या लोकांना हा भोंगा त्सुनामीचा म्हणून शिकवलाय, ते डोंगराकडे पळाले असते, आणि आग डोंगराकडूनच येत होती. बरोबर की चूक हे त्या घटकेला एकट्याने ठरवायला लागू नये. एका भोंग्याचा एकच अर्थ लोकांना शिकवला आणि बाकीची संकटे सोडून दिली, ही चूक आधीच्या कित्येक वर्षांची होती.

म्हणून पहिला पैसा आणि पहिला वेळ यासाठी: नदीची पातळी इतकी झाली, किंवा अंदाज इतक्या खात्रीचा झाला, की अमक्या पदावरचा माणूस विचारत न बसता तमके बटण दाबील. हे सुक्या दिवसांत, डोके थंड असताना लिहून ठेवायचे. वरिष्ठांचा फोन लागला नाही तर खालच्याला अधिकार. आणि नियमाप्रमाणे दाबलेले बटण पुढे वाया गेले, तर त्या माणसावर कारवाई होणार नाही असे कायद्यात लिहायचे. लोक घाबरत असतात ते पुराला कमी आणि चौकशीला जास्त, असे मी जवळून पाहिले आहे.

---

तरंग

नदीकाठ, शेवटचा परिच्छेद अगदी अचूक. भर घालतो: बटणाची तालीमही हवी. वर्षातून एकदा खरा संदेश, खऱ्या फोनवर, 'ही चाचणी आहे' असे लिहून. जर्मनीत आता दरवर्षी अशी देशव्यापी चाचणी होते, आणि काय वाजले नाही ते त्या दिवशी उघडे पडते.

---

माध्यान्ह

सगळे पूर आणि वादळांवर बोलताहेत, म्हणून उन्हाची आठवण करून देते. उष्णतेच्या लाटेत काही कोसळत नाही, छायाचित्र निघत नाही. माणसे आपापल्या घरात मरतात आणि दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, हे कळले ते नंतर अभ्यास झाल्यावर. २०१३ पासून तिथे उष्णता कृती आराखडा आहे: पारा ठरलेल्या आकड्याच्या वर जाणार असे दिसले की रुग्णालये, पाणीपुरवठा, कामाच्या वेळा, दवंडी, सगळ्यांना आधीच ठरलेली कामे. फ्रान्सनेही २००३ चा उन्हाळा, सुमारे पंधरा हजार मृत्यू, यातूनच धडा घेतला.

नदीकाठ म्हणतात तो लिहिलेला नियम इथे फार सोपा आहे, कारण उष्णतेचा अंदाज कित्येक दिवस आधी बऱ्यापैकी खात्रीने देता येतो. थोड्या पैशात सर्वात जास्त जीव इथे वाचतील, असे माझे ठाम मत.

---

पर्जन्यमापक

माध्यान्हताई, सहमत. आणि याच्या अगदी उलट टोकाला हिमतलाव आणि ढगफुटी. तिथे दिवस नसतात, मिनिटे असतात. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक तलाव फुटला आणि तिस्तेवरचे चुंगथांगचे धरण वाहून गेले. तलाव धोकादायक आहे हे अनेक वर्षे माहीत होते. संपूर्ण इशारा यंत्रणा मात्र अजून उभी राहायची होती. अशा ठिकाणी राजधानीतून इशारा येण्याची वाट बघून चालत नाही. वरच्या बाजूला संवेदक, खाली भोंगा, मध्ये माणूस नाही. खोटा वाजला तर वाजला. डोंगराआड रडारला दिसतही नाही, हे कितीजणांना माहीत असते?

---

अजातशत्रू

शंकेचे निरसन बऱ्याच अंशी झाले, आभार. मजुरीचा प्रश्न मात्र उरतोच.

---

नदीकाठ

त्यावरही काम चालू आहे. २०२० मध्ये बांगलादेशातल्या जमुना नदीला मोठा पूर येणार असा अंदाज ठरलेल्या पातळीला टेकला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून ५२ लाख डॉलर पुराच्या कळसाआधीच सुटले. काही कुटुंबांच्या हातात पाणी यायच्या आधी रोख रक्कम होती. ती घेऊन लोकांनी गुरे हलवली, धान्य भरून ठेवले. नंतरची मदत येईपर्यंत माणसाने गाय विकलेली असते. आधी आलेल्या पैशाने ती वाचते.

---

सांजवारा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. माझे मत बदलले आहे हे प्रामाणिकपणे सांगतो. दारावर थाप मारणारा माणूस हवाच. पण पर्जन्यमापकांच्या शून्याने मला हलवले. आता विचाराल तर क्रम असा लावेन: आधी नदीकाठांचा लेखी नियम, कारण त्याला पैसा जवळपास लागत नाही. मग देखभालीचा पगार. त्याच्याच जोडीला स्वयंसेवकांचे मानधन, निम्म्या स्त्रिया. उष्णता आराखडा पहिल्याच वर्षी. रडार त्यानंतर, आणि तोवर शेजारी देशाच्या रडारची आणि नदीच्या आकड्यांची देवाणघेवाण करारात लिहून घ्यायची.

पण शेजाऱ्याचे आकडे मिळाले तरी ते लोकांपर्यंत पोचतातच असे नाही. मे २००८ मध्ये 'नर्गिस' वादळ म्यानमारला धडकण्याच्या ४८ तास आधी भारतीय हवामान खात्याने तिथल्या खात्याला जागा आणि तीव्रता कळवली होती. इरावतीच्या मुखाशी १ लाख ३० हजारांहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्या ४८ तासांत निरोप कुठे अडकला असेल, हा विचार करून झोप येत नाही.

पर्जन्यमापक, एक विचारायचे राहिले. त्या केंद्राच्या नरसाळ्याचे पुढे काय झाले?

---

पर्जन्यमापक

केंद्राशेजारी एका शेतकऱ्याचे घर होते. त्यांच्या घरच्या बाईंनी होकार दिला. दर आठवड्याला शिडी लावून नरसाळे पुसायचे, पाऊस संपला की साध्या हाताच्या मापकाचा आकडा फोनवर सांगायचा. दोन्ही आकडे जुळतात का ते आम्ही बघायचो. पहिले वर्षभर आम्ही काहीजणांनी वर्गणी काढून त्यांना मानधन दिले. नंतर पद मंजूर करून घेण्यासाठी तीन वेळा प्रस्ताव पाठवला, तिसऱ्या वेळी मंजूर झाला. मी सोडले तेव्हा त्या बाईच ते केंद्र बघत होत्या, आणि हाताच्या मापकाचा आकडा रात्री दोन वाजताही कळवत होत्या.